सरासरी वेगाचे कॅमेरे आणि दोन हजारांचं चलान: वेगमर्यादेने अपघात खरंच कमी होतात का?

कळंबोली_ते_किवळे (प्रश्न)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून आयटीएमएस (कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा) सुरू आहे. आधी एखाद्या ठिकाणी स्पीडगन घेऊन उभी असलेली गाडी दिसायची, आता दोन गॅन्ट्रींमधला (रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या कमानींमधला) सरासरी वेगही मोजला जातो. सपाटीवर कारला १०० ची मर्यादा आहे, ओलांडली की दोन हजारांचं चलान मोबाइलवर येतं.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ही निव्वळ वसुली आहे, चांगल्या रस्त्यावर चांगली गाडी १२० ने गेली तर काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे दंड दहापट करा, लोक आपोआप सरळ होतील. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

१. १०० आणि १२० मध्ये सुरक्षिततेच्या दृष्टीने खरंच किती फरक आहे?
२. दंडामुळे वेग कमी होतो, की फक्त कॅमेऱ्यासमोर कमी होतो?
३. मर्यादा आणि दंड सोडून असं काय आहे ज्याने जीव वाचतात, पण ज्याची चर्चा होत नाही?

आकडे, कारणं, नियम असतील तर सांगा. "माझी गाडी १४० लाही स्थिर असते" या प्रकारचे प्रतिसाद नकोत, कृपया.

---

रस्ताबांधणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे, आणि ते एकदा स्वतः मांडून बघावं असं आहे.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असं धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेकिंग ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट). १०० किमीला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते. म्हणजे प्रतिक्रियेत ४२ मीटर गेले, ब्रेक लावल्यावर आणखी ५६ मीटर. एकूण ९८ मीटरवर गाडी थांबली. १२० ला प्रतिक्रियेतच ५० मीटर जातात आणि ब्रेकिंगला ८१ लागतात, एकूण १३१.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात, "३३ मीटरचाच फरक ना?" पण प्रश्न असा विचारा: जिथे १०० वाली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागी १२० वाली किती वेगात असेल? ५० मीटर तर प्रतिक्रियेत गेलेले. ब्रेकिंगला मिळाले उरलेले ४८ मीटर. तेवढ्यात वेग १२० वरून सुमारे ७६ वर येतो. म्हणजे पुढे ट्रक आडवा असेल तर एक गाडी त्याच्यासमोर थांबते आणि दुसरी ७६ च्या वेगाने आत घुसते. फक्त २० किमीचा फरक, पण धडकेतला फरक शून्य आणि ७६.

पावसात घर्षण घटून ब्रेकिंग ०.४ जी पर्यंत खाली येऊ शकतं. मग १०० लाच थांबायला १४० मीटर लागतात. म्हणून फलकावरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, जुलैत लोणावळ्याच्या आसपास तो आकडा लागूच होत नाही असं समजून चालवावं.

आता एका गाडीचं सोडून सगळ्या रस्त्याचं बघू. स्वीडनच्या गोरान निल्सन यांनी मांडलेलं सूत्र जगभर वापरलं जातं: रस्त्यावरचा सरासरी वेग बदलला की जीवघेणे अपघात त्या बदलाच्या साधारण चौथ्या घाताने बदलतात. सरासरी वेग ५ टक्के कमी झाला तर ०.९५ चा चौथा घात म्हणजे ०.८१, म्हणजे जीवघेणे अपघात १८-१९ टक्क्यांनी कमी. रस्त्यागणिक घात थोडा कमी-जास्त येतो, पण दिशा बदलत नाही. इथे शब्द आहे "सरासरी वेग". एखादा १६० ने जाणारा पकडणं पेपरात छापायला बरं असतं, पण आकडा हलतो तो ११०-११५ ने जाणारे शेकडो लोक १०० वर आले की.

उलट बाजूही सांगतो. २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशातले ७१ टक्क्यांहून जास्त अपघाती मृत्यू "अतिवेग" या कारणाखाली आहेत (त्या वर्षी एकूण मृत्यू १,६८,४९१). हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. अपघातानंतर वेग मोजलेला नसतो, फॉर्मवर एक कारण लिहायचं असतं आणि तिथे अतिवेग हा रकाना सोयीचा पडतो. वळणाचा बँक (आतल्या बाजूचा कल) चुकलेला, दुभाजक उघडा, मागचे दिवे नसलेला ट्रक उभा, या गोष्टी त्या रकान्यात मावत नाहीत. वेग घातक आहे याचा पुरावा वरचं गणित आहे. त्यासाठी या टक्केवारीची गरज नाही.

---

कलम१८३

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दंडाची नुसती रक्कम वाढवल्याने वेग फारसा कमी होत नाही. पकडलं जाण्याची खात्री वाढली की वेग कमी होतो. समजा २००० चा दंड आहे, पण २०० वेळा मर्यादा मोडल्यावर एकदाच चलान येतं. तर प्रत्येक वेळचा खर्च पडला १० रुपये. दंड दहापट केला तरी १०० रुपये, आणि तोही कधीतरी, बऱ्याच दिवसांनी. त्यातून थकलेली ई-चलानं लोक अदालतीपर्यंत ओढत न्यायची आणि तडजोडीत निम्म्यात मिटवायची सवय लागलेली. अशा दंडाचा धाक राहत नाही, तो टोलसारखा एक खर्च होऊन बसतो.

एका जागेच्या कॅमेऱ्याची मर्यादा सगळ्यांना माहीत आहे. खांब दिसला की ब्रेक, खांब मागे गेला की पुन्हा पाय खाली. यात मागच्या गाडीला अचानक ब्रेक लावावा लागतो तो धोका वेगळाच. सरासरी वेगाच्या पद्धतीत पहिल्या गॅन्ट्रीवर नंबरप्लेट वाचून वेळ नोंदली जाते, पुढच्या गॅन्ट्रीवर पुन्हा. १० किमीचं अंतर ६ मिनिटांच्या आत कापलं म्हणजे सरासरी १०० च्या वर, विषय संपला. मध्ये फूड मॉलवर वीस मिनिटं थांबलं तर सरासरी खाली येते हे खरं, म्हणूनच जागेवरचा वेग मोजणारे कॅमेरेही सोबत ठेवावे लागतात. स्कॉटलंडमध्ये ए-९ या डनब्लेन ते इनव्हरनेस रस्त्यावर २०१४ पासून हीच पद्धत आहे, आणि तिथे गंमत अशी की त्याच वेळी अवजड वाहनांची मर्यादा ताशी ४० मैलांवरून ५० केली होती. म्हणजे कार आणि ट्रक यांच्या वेगातली दरी कमी केली आणि कारना पूर्ण लांबीवर मर्यादेत आणलं. दोन्ही मिळून विचार केला तरच त्याला धोरण म्हणता येतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ हलक्या वाहनाला १००० ते २००० आणि मध्यम-अवजड वाहनाला २००० ते ४००० दंड सांगतं. महाराष्ट्रात कारला २००० लागतो. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे, आणि माझ्या मते खरा धाक तिथे आहे, दोन हजारांत नाही.

कॅमेऱ्याने चलान करायचं तर २०२१ मध्ये आलेला नियम १६७अ लागू होतो. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नूतनीकरण केलेलं हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशारा देणारा फलक ठळक दिसला पाहिजे. चलानात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं, आणि नोटीस १५ दिवसांत पाठवली पाहिजे. चलान आलं की आधी फोटो उघडून नंबरप्लेट नीट बघा. ८ चा ३ किंवा बी चा ८ वाचला गेल्याने दुसऱ्याच्या गाडीचं चलान येऊ शकतं. मग वाहनाचा प्रकार जुळतो का ते बघा. कार म्हणून नोंदलेल्या गाडीला अवजड वाहनाची मर्यादा लागली असेल तर तीही चूकच. चूक दिसली तर पैसे भरण्याआधी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका. भरून मोकळं झालात की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं.

---

कळंबोली_ते_किवळे

दोघांचेही आभार. "७६ च्या वेगाने आत घुसते" हे डोक्यातून जाणार नाही.

एक पूरक प्रश्न. स्पीडोमीटरवर १०४ दिसत असताना चलान येऊ शकतं का? आणि स्पीडगनमध्ये चूक होते म्हणतात, ती कोणाच्या बाजूने?

---

रस्ताबांधणी

कंपनीतून आलेला स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगी नसते. म्हणजे १०४ दिसत असताना खरा वेग बहुतेक १०० च्या आसपास किंवा आत असतो. पण टायर बदलले असतील तर हे गणित मोडतं. १८५/६५ आर१५ च्या जागी दिसायला भारदस्त म्हणून २०५/६० आर१६ बसवले की चाकाचा व्यास ६२१ मिमीवरून ६५२ वर जातो, ५ टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा ५ टक्के जोरात असते. असे टायर बसवलेत तर जीपीएसवर एकदा वेग ताडून बघाच.

रडार किंवा लेझर गनची कोनामुळे होणारी चूक चालकाच्या फायद्याची असते. गन रस्त्याच्या कडेने २० अंशांत धरली तर खऱ्या वेगाच्या ९४ टक्केच वेग दिसतो. १२० ने जाणारी गाडी ११३ दिसेल. तेव्हा "गन जास्त दाखवते" हा बचाव कोनाच्या नावाने टिकत नाही. गर्दीत दुसऱ्याच गाडीचा वेग पकडला गेला ही तक्रार वेगळी आणि कधीकधी खरी असते, म्हणून फोटो बघायचा.

---

एअरब्रेक

चर्चा कारभोवती फिरते आहे. घाटात मरण येतं ते बरेचदा ट्रकच्या रूपाने, म्हणून तिसऱ्या प्रश्नाला तिथून उत्तर देतो.

अवजड गाडीला घाट उतरताना ४० च्या आसपासची मर्यादा का लागते, ते दंडाच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे चालकाला वाटतं की मागे रांग लावायला ठेवली आहे. कारण उष्णता आहे. ३५ टनांचा ट्रक दर १०० मीटर उंची खाली आला की जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात साधं ११५ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ५ टक्के उतारावर ४० च्या वेगाने ती सुमारे १९० किलोवॅटच्या हिशेबाने येते, ६० ने गेलात तर २८६. हवा आणि टायरचं घर्षण थोडं घेतं, इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक बरंच घेतात, उरलेलं ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. ड्रम तापून फुगतो, लाइनरपासून (त्याला आतून घासणाऱ्या अस्तरापासून) लांब जातो, लाइनरची पकड सुटते. पायाखाली पेडल आहे, एअर ब्रेकच्या टाकीत हवा आहे, आणि गाडी थांबत नाही. ज्याला पेपरवाले "ब्रेक फेल" म्हणतात त्यात बऱ्याच वेळा काही तुटलेलं नसतं, ड्रम फक्त भाजलेला असतो.

आता न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. न्यूट्रल केलं की वर सांगितलेला इंजिनाचा वाटा शून्य, सगळा भार ड्रमवर. इंजिन बंद केलं की ती हवा भरणारा कंप्रेसर बंद, म्हणजे पेडल दाबाल तेवढी हवा टाकीतून कमी होत जाते आणि भरत नाही. वर स्टिअरिंग जड. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, त्याच्या प्राथमिक तपासातही उतारावर इंजिन बंद केल्याचीच गोष्ट पुढे आली होती.

आणि डिझेल वाचतं हेही आता खरं नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात तीव्र उतारावर गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, डिझेल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडंथोडं जात राहतं. हे प्रत्येक ट्रान्सपोर्ट मालकाने आपल्या चालकाला गाडीपाशी उभं राहून दाखवलं पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. वेग धरल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि तो अडकला की गाडी न्यूट्रलमध्येच राहते. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वेग ४० च्या वर गेला की दाबून ३० वर आणा, सोडा, पुन्हा ४० होऊ द्या. मधल्या वेळात ड्रमला हवा लागते.

यात दंड कुठे बसतो? कॅमेऱ्याला वेग दिसतो, गिअर दिसत नाही. पण न्यूट्रलमधली गाडी लवकरच ४० च्या वर जाते, म्हणून घाटमाथ्यावरच्या पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये अवजड वाहनांचा वेग मोजून तिथल्या तिथे थांबवणं हा खरा उपयोग आहे. घरी आठ दिवसांनी गेलेलं चलान मालकाला मिळतं. घाटात त्या क्षणी चालकाला त्याचा काही उपयोग नाही.

---

दुभाजक_दोर

वेगमर्यादेच्या बाजूनेच आहे, पण मर्यादा ठरवण्याची पद्धत सुधारली नाही तर कॅमेरे लोकांच्या मनातून उतरतील ही भीती आहे.

मोकळ्या रस्त्यावर १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग मोजायचा आणि मर्यादा ठरवताना त्याचा विचार करायचा, ही वाहतूक अभियांत्रिकीतली जुनी पद्धत. आपल्याकडे ८० चा फलक, पुढे कामाचा ३० चा फलक, काम संपून महिने झाले तरी ३० तसाच. चालकाने एकदा तो खोटा आहे हे पाहिलं की पुढचा खरा फलकही तो मानत नाही. केंद्राने २०१८ मध्ये कारसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि पालिका हद्दीत ७० अशा कमाल मर्यादा अधिसूचित केल्या, राज्याला त्याहून कमी ठेवता येतात. कमी ठेवायला हरकत नाही, कारण मात्र रस्त्यावर दिसलं पाहिजे: वळण, उतार, गाव, शाळा.

आणि रस्ताच जर १२० ची जाणीव देत असेल तर ८० चा फलक एकटा पुरत नाही. रुंद लेन, सरळ रेषा, लांब नजर, पाय आपोआप खाली जातो. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर लेन अरुंद केली, मध्ये थांबा दिला, पादचाऱ्यांसाठी उंच क्रॉसिंग दिलं तर वेग कॅमेऱ्याशिवाय उतरतो. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं, रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. चालकाच्या चलानाबद्दल जेवढं बोलतो तेवढं या कलमाबद्दल बोलायला हवं.

मुंबई-पुणे मार्गाचाच दाखला घ्या. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ मृत्यू होते. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महिंद्रा यांनी शून्य मृत्यू उपक्रम सुरू केला, २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. (२०२० चा आकडा आणखी कमी आहे, पण त्या वर्षी टाळेबंदी होती, म्हणून तो धरत नाही.) आणि हे सगळं सरासरी वेगाचे कॅमेरे येण्याआधी. त्यात महामार्ग पोलिसांची वेगावर कारवाई होतीच, पण दुभाजकात तारदोरांचे कठडे बसवले, उघडे काँक्रीटचे कोपरे झाकले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकवर कारवाई झाली, रुग्णवाहिकांची व्यवस्था सुधारली. कुठल्या एका गोष्टीने किती जीव वाचले हे वेगळं काढता येत नाही, आणि एकट्या दंडाला श्रेय देणारा किंवा एकट्या दंडाला नाकारणारा, दोघेही अर्धंच सांगतात.

उभ्या ट्रकबद्दल एक हिशेब. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. पुढे ३०० मीटरवर ८० ने चाललेला ट्रक असेल तर गाठायला २७ सेकंद आहेत. तोच ट्रक उभा असेल तर ९ सेकंद. आणि रात्री, लो बीमवर, मागचे दिवे बंद असतील तर तो साधारण ६० मीटरवर दिसणार, म्हणजे १.८ सेकंद. त्यातला दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला. इथे १२० ची मर्यादा पाळणारा माणूसही वाचत नाही. त्याला वाचवायचं तर ट्रकच्या मागे पूर्ण रुंदीची लाल परावर्तक पट्टी हवी, ती चिखलाने झाकलेली नको, बंद पडलेल्या गाडीमागे त्रिकोण हवा आणि टोइंगची गाडी लवकर पोचली पाहिजे. रात्री समृद्धीवर मोकळ्या रस्त्यात हाय बीम वापरा, समोरून किंवा पुढे गाडी असेल तर लो बीमवर १२० सोडून ८०-९० वर या. कायदा हे सांगत नाही, दिव्याचा आवाका सांगतो.

---

कळंबोली_ते_किवळे

उभ्या ट्रकचा हिशेब कधी असा मांडलेला पाहिला नव्हता. शेवटचं विचारतो, सरासरी वेगाच्या टप्प्यात सारखं काट्याकडे बघत चालवणं हाही धोकाच ना? नजर रस्त्यावर ठेवून वेग कसा सांभाळायचा?

---

मैलाचा_दगड

क्रूझ कंट्रोल असेल तर सपाटीवर काट्यावर ९७-९८ लावून सोडा. पावसात आणि घाटात क्रूझ बंद. ओल्या उतारावर पाय पेडलजवळच हवा.

क्रूझ नसेल तर किलोमीटरचे दगड वापरा. १०० च्या वेगाला एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ३६ सेकंद, ८० ला ४५, ६० ला बरोबर एक मिनिट. सहप्रवाशाला घड्याळ बघायला सांगा, तीन-चार दगडांत तुमचा पाय कुठे स्थिर होतो ते कळतं. जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ८० च्या पुढे अधूनमधून बीप वाजतो आणि १२० ला तो सलग होतो. तो बंद करून घेणारे मेकॅनिक आहेत, करून घेऊ नका.

घाईचा हिशेबही जाता जाता करा. ९४ किमी पूर्ण १०० ने कापले तर ५६ मिनिटं, पूर्ण १२० ने ४७. हे कागदावरचे ९ मिनिटं, आणि घाटात व टोलनाक्यावर तेवढे एकसलग १२० मिळतच नाहीत. प्रत्यक्षात चार-पाच मिनिटं उरतात.

आणि निघण्याआधी टायर. गाडी थंड असताना हवा तपासा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो, पाच माणसं आणि सामान असेल तर तो घ्या. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि तापते, समृद्धीवर दोन-तीन तास सलग १२० ने गेल्यावर तिथूनच तो फुटतो. बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: २३२१ म्हणजे टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाच १.६ मिमीवर आली की टायर कायद्याने बाद, पण पाणी कापायची ताकद त्याच्या बरीच आधी गेलेली असते. पावसाळ्याआधी ३ मिमीलाच बदला.